गायरान हिरवं झालं की गेलं? गावाने काढलेल्या नकाशातून काय कळतं

पारनेर तालुक्यातल्या पठारावरच्या एका गावातून एका पदवीधर तरुणाने विचारलंय. गावाला दीडशे एकरांच्या आसपास गायरान आहे. म्हातारी माणसं म्हणतात गायरान संपलं, जनावराला तोंड घालायला काडी राहिली नाही. त्याने मोबाइलवर उपग्रहाची जुनी-नवी चित्रं लावून पाहिली, तर वीस वर्षांपूर्वीपेक्षा आज जास्त हिरवं दिसतंय. मग खरं कोणाचं? गावकऱ्यांना बसवून नकाशा काढला तर याचा निकाल लागेल, की ते नुसतंच एक कागदाचं भेंडोळं होईल?

दोघांचंही खरं आहे. पाऊस उघडल्यावर एकदा गायरानात जा आणि पायाखाली बघा. माझा अंदाज असा की वरून हिरवं दिसतंय ती वेडी बाभूळ किंवा घाणेरी असणार, नाहीतर कुठल्यातरी योजनेत लावलेला गिरिपुष्प. म्हाताऱ्यांना आठवतंय ते पवन्या आणि मारवेल, जनावरं आवडीने खातात ती गवतं. उपग्रहाला पानाचा हिरवेपणा कळतो. त्या पानाला गाय तोंड लावते की नाही हे त्याला कळत नाही.

मी बावीस वर्षं पाणलोटाच्या कामात काढली, बहुतेक अहिल्यानगर, नाशिक आणि पुण्याच्या कोरड्या पट्ट्यात. लोकांकडून काढलेले नकाशे ढिगाने पाहिले, त्यातले निम्मे कपाटावर गुंडाळी होऊन पडलेले. चांगला नकाशा कशाला म्हणायचं याचं माझं माप सोपं आहे. उपग्रह आणि गावातली म्हातारी यांचं जिथे जुळत नाही त्या जागा त्याने दाखवल्या पाहिजेत. जिथे दोघांचं जुळतं तिथे नकाशावाचूनही चालतं.

सुरुवात कागदापासून करा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाच्या गट नकाशाची नक्कल घ्या. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो, पण हातात नक्कल असलेली बरी. तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) गायरानाच्या सगळ्या गटांचे सातबारा काढा. गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवहीही बघून ठेवा, पण ती सध्या तुमच्यापाशीच राहू द्या. का ते पुढे सांगते.

इथे एक घोळ हमखास होतो. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, पण सत्तरीपुढची माणसं अजून सर्व्हे नंबरातच बोलतात. आजोबा म्हणतात "एकशे चौदाला घायपाताचं बेट होतं", आणि पोरं गट नंबर ११४ मध्ये शोधत बसतात. तो गट असतो गावाच्या दुसऱ्या टोकाला. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ लावलेला तक्ता आधी हाताशी ठेवा. आमचे एका गावात यापायी दोन दिवस वाया गेले होते.

आता जमिनीवरचा नकाशा. प्रोजेक्टर लावून उपग्रहाचं चित्र पहिल्या दिवशी दाखवू नका. ते एकदा पाहिलं की लोक स्वतःच्या आठवणीतलं बोलायचं सोडून त्या चित्रात आपलं घर शोधायला लागतात. देवळापुढचं पटांगण झाडून घ्या. रांगोळी, गेरू, ज्वारीचे दाणे, कडब्याचे तुकडे, सुकी पानं एवढं पुरतं. गावाची शीव आणि ओढे आधी काढायला सांगा, मग पाणंदी, मग विहिरी, आणि शेवटी माळ आणि डोंगर.

संगमनेरच्या पठार भागातलं एक दुपारचं काम सांगते. पुरुषमंडळींनी तासाभरात झोकदार नकाशा काढला होता, गायरानावर सगळीकडे हिरवी पानं पसरली होती. शेळ्या सोडून एक आजी कडेला येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आरं बाबांनो, हितं कुठं राह्यलंय गवात? मपल्या शेळ्या तीन वर्सं झाली तिकडं जात न्हाईत." आणि पुढे होऊन पायाच्या अंगठ्याने रांगोळी पुसत तिने ओढ्याची रेघ हातभर अलीकडे आणली. लोक हसले. दुसऱ्या दिवशी शिवारफेरीत त्या जागी गेलो तर काठावरच्या विहिरीचं अर्धं तोंड ओढ्यावर अधांतरी होतं. आधी वाळू गेली होती, मग काठ गेला होता. रेघ काढणाऱ्यांतला एकही जण गेल्या काही वर्षांत तिकडे फिरकलेला नव्हता.

म्हणून बायकांचा नकाशा वेगळा काढायचा आणि जनावरं राखणाऱ्यांचा वेगळा. एकत्र बसवलं की ज्याचं बागायत जास्त त्याचाच नकाशा होतो. सरपणाला किती लांब जावं लागतं, घायपात कुठून तोडायची, कुठल्या खळग्यात उन्हाळ्यात पाणी टिकायचं, हे बायकांच्या नकाशात उतरतं. बैठकीची वेळही सांभाळा. सकाळी दहाला बैठक ठेवली की गुराखी माळावर असतात आणि नकाशा काढायला उरतात पारावरची माणसं.

पण हा नकाशा आजचा झाला. बदल दाखवायचा तर साल लागतं, आणि गाडी अडते ती इथेच. "वीस वर्षांपूर्वी कसं होतं" असं विचारलं की प्रत्येक जण आपल्या तरुणपणीचं सांगतो. त्यापेक्षा खुंट रोवून घ्या. १९७२ चा दुष्काळ सगळ्यांना आठवतो, ज्यांना आठवत नाही त्यांना ऐकून माहीत असतो. त्यानंतर २००३ आणि २०१२-१३. मग गावापुरते खुंट, जसं रोजगार हमीवर पाझर तलाव झाला ते साल, माळावरून विजेची लाइन गेली ते साल, कोणाच्या तरी थोरलीचं लग्न. "लाइन आली तेव्हा या टेकाडावर काय होतं?" या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. प्रत्येक खुंटाला एक वेगळा ट्रेसिंग कागद आणि मूळ गट नकाशा सगळ्यांच्या खाली. कागद एकावर एक ठेवले की माळ कुठून खाल्ला गेला ते पोरासोरांनाही दिसतं.

नकाशावर खुणा कसल्या करायच्या, यावर मी जरा हट्टी आहे. पुस्तकातले वर्ग घेऊन गावात जाऊ नका. सरकारी नकाशांत माळरान बऱ्याचदा "पडीक" या एका खात्यात जातं. एकदा पडीक म्हटलं की तिथे झाडं लावा, सोलर लावा, एमआयडीसी आणा, कोणी विचारत नाही. मेंढपाळाला विचारा, त्याच्यासाठी ते पडीक नाही. गावाचे शब्द घ्या: बरड, मुरमाड, माळ, खडकाळ, चोपण, पाणथळ. आणि वापर व प्रकृती (म्हणजे जमिनीची तब्येत) यांचे दोन कागद वेगळे करा. गायरानाचा वापर १९७२ मध्येही चराई आणि आजही चराईच. वापराच्या नकाशावर काहीच बदललेलं दिसणार नाही. ऱ्हास झालाय तो प्रकृतीत.

प्रकृती ओळखायला गवतासारखा दुसरा साक्षीदार नाही. आपल्या पठारावर उतरंड साधारण अशी लागते. बऱ्या माळावर पवन्या, मारवेल, डोंगरी गवत. चराई वाढली, वणवे लागत राहिले की कुसळी वाढते. कार्तिकात धोतराला, साडीला कुसळं चिकटायला लागली की समजायचं पहिली पायरी उतरली. त्याखाली गाजरगवत, टाकळा, तरवड, म्हणजे जनावर सोडून देतं ते सगळं. आणि शेवटी उघडा मुरूम. या चार पायऱ्यांना चार रंग द्या. गुराख्याला रंग विचारायला लागत नाहीत, तो चालता चालता सांगतो.

मग शिवारफेरी, नकाशा हातात घेऊन पायी. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या माळावर साधारण तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतं, झाडाखाली किंवा घळीत जास्त चुकतं. बांधाच्या भांडणाला ते चालत नाही, माळाच्या कडेला चालतं. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याच्या जोडीचं क्यूफील्ड मोबाइलवर चालतं. गावातल्या बारावी झालेल्या मुलीला दोन दिवसांत येतं. खरं सांगायचं तर मुलांपेक्षा मुली हे काम नेटाने करतात, वहीत नोंद ठेवतात.

फेरीत दहा-बारा जागा कायमच्या ठरवा. मी करते ते असं. हलणार नाही असा दगड निवडायचा, त्यावर तेल रंगाने आकडा आणि बाण. बाणाच्या दिशेला दहा पावलांवर एक मीटरची काठी उभी करायची, तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरा पट्टा. दगडावर उभं राहून मोबाइल छातीच्या उंचीवर धरून फोटो. मागे एखादं टेकाड किंवा देवळाचा कळस आला पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणालाही तोच फोटो जुळवता येतो. काठीच्या पायथ्याशी पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट टाकायची आणि आत किती भाग गवत, किती उघडी माती, किती दगड हे तिघांनी वेगवेगळं सांगायचं. तिघांचं जुळेपर्यंत वाद घालायचा. हे वर्षातून दोनदा, एकदा दसऱ्याच्या सुमाराला गवत फुलावर असताना आणि एकदा मेमध्ये. नुसते दसऱ्याचे फोटो घेतले तर प्रत्येक वर्षी सगळं छान दिसतं.

उतारावर दोन-तीन ठिकाणी लोखंडी सळया ठोकून ठेवा, १२ मिलिमीटरच्या चालतात. बरोबर ३० सेंटिमीटर वर राहील अशी ठोकायची आणि पावसाळ्यानंतर पट्टीने मोजायचं. सळई ३०.५ झाली म्हणजे तिथून ५ मिलिमीटर माती गेली. कमी वाटतं? एक मिलिमीटर माती म्हणजे हेक्टरी १० घनमीटर, सुमारे १२ ते १४ टन. पाच मिलिमीटरचा हिशोब एका उतारावरच्या शेतकऱ्याला मी करून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी दहाएक ट्रक की." त्याने तिथल्या तिथे बांध घालायचं कबूल केलं. (सळया चोरीला जातात, भंगारात विकल्या जातात. दोन जास्तीच्या ठोका.)

आता उपग्रह. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे सुमारे नऊ गुंठे. सेंटिनेल-२ या दुसऱ्या उपग्रहाचा १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे एक आर, जवळजवळ एक गुंठाच. लोकांना असं गुंठ्यात सांगा, लगेच कळतं की नऊ गुंठ्यांत अर्धी बाभूळ आणि अर्धा मुरूम असला तर चित्र मधलाच काहीतरी रंग दाखवणार. लँडसॅटची ३० मीटरची चित्रं १९८० च्या दशकापासूनची आहेत आणि २००८ पासून फुकट मिळतात, सेंटिनेल-२ ची २०१५ नंतरची. जुनं बघायला लँडसॅट, आजचं बघायला सेंटिनेल. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळही जोडीला ठेवा. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजलंय त्याचा इथे उपयोग नाही, ते गावठाणापुरतं आहे.

मोबाइलवर चित्रं पाहताना तुमची चूक बहुधा दोन ठिकाणी झाली असेल. एक, महिना. मेचं जुनं चित्र आणि ऑक्टोबरचं नवं चित्र शेजारी ठेवलं तर कोणताही माळ सुधारलेला दिसतो. दोन, पाऊस. २०१८ दुष्काळाचं आणि २०१९ ला परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. या दोन सालांची तुलना म्हणजे पावसाची तुलना, जमिनीची नाही. एकाच महिन्याची, सारख्या पावसाच्या वर्षांची चित्रं घ्या, निदान तीन जोड्या.

मग गावाचा नकाशा आणि उपग्रहाचा नकाशा एकावर एक ठेवा आणि जिथे जुळत नाही तिथे लाल गोल करा. तुमच्या बाबतीत पहिला लाल गोल गायरानातल्या बाभळीवर येईल. आणखी दोन प्रकार सांगते, म्हणजे काय शोधायचं ते लक्षात येईल.

पहिला प्रकार शेततळ्यांचा. वरून निळे चौकोन दिसतात, वाटतं पाणी वाढलं. गावाच्या नकाशात त्याच भागातल्या विहिरी "माघातच तळ गाठतात" म्हणून काळ्या ठिपक्यांत येतात. प्लास्टिक अंथरलेलं तळं विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरलं की जमिनीखालचं पाणी वर येऊन उन्हात वाळत पडतं. चित्र निळं, विहीर कोरडी. दुसरा प्रकार तुमच्या भागातला नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या कृष्णाकाठी ऊस हिरवागार दिसत असतो आणि जमीन आतून क्षारपड होत असते. तिथल्या शेतकऱ्याला ते आधी कळतं. तो म्हणतो "रानाला वाफसाच येईना", म्हणजे माती ओलीच राहते, मशागतीजोगी होत नाही. मग सऱ्यांच्या वरंब्यावर पांढरा थर येतो, ऊस तुटक उगवतो, आणि बऱ्याच वर्षांनी कधीतरी उपग्रहाला पांढरा डाग दिसतो. वाफसा न येणाऱ्या गटांचा नकाशा गावाने काढला तर तो उपग्रहाच्या कितीतरी वर्षं पुढे असतो.

देशपातळीचे आकडे असतात. इस्रोच्या ॲटलासप्रमाणे २०१८-१९ मध्ये देशातली ९ कोटी ७८ लाख हेक्टरांहून जास्त जमीन, म्हणजे २९.७७ टक्के, ऱ्हासाखाली होती. २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन पूर्ववत करायचं भारताने २०१९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत मान्य केलंय. ते आकडे धोरणाला लागतात. तुमच्या दीडशे एकरांत कुठली घळ आधी बांधायची हे त्यातून निघत नाही.

आता १-ई ची गोष्ट. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावात आम्ही गायरानाचा फार तपशिलाचा नकाशा काढला. कोणाची किती नांगरट आत आली तेही नावानिशी. ग्रामसभेत तो भिंतीवर लावला, मला वाटलं पारदर्शकता. महिन्याभरात त्याचीच प्रत जोडून तक्रार गेली, आणि नोटिसा आल्या त्या चार भूमिहीन कुटुंबांना, ज्यांनी प्रत्येकी एखादा एकर बाजरीला केला होता. पलीकडच्या बाजूने बागायतीची मोठी नांगरट आत सरकली होती, तिला काही झालं नाही. त्यातली एक बाई मला बाजारात भेटली आणि तोंड फिरवून गेली. तेव्हापासून मी नावं नकाशावर घालत नाही. "शेती आत आली" एवढी खूण आणि साल. नावांचा कागद काढायचाच असेल तर ज्यांची नावं आहेत त्यांच्याशी आधी बोलून आणि काय करायचं ते ग्रामसभेत ठरवून. गायरानावरच्या अतिक्रमणांचा विषय २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून तापलेला आहे. तुमच्या कागदाचा वापर कोण कसा करेल यावर तुमचा ताबा राहत नाही.

असाच एक विसर मेंढपाळांचा पडतो. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत फिरणारे धनगर वाडे (मेंढरांसकट फिरणारी कुटुंबं) तुमच्या माळावरून जात असतील, शेतात खतासाठी बसत असतील. नकाशा काढायच्या दिवशी ते गावात नसतात. नकाशात ते आले नाहीत तर पुढे चराईबंदीचा ठराव होताना त्यांची वाट कोणाच्या लक्षातही येत नाही. वाडा येईल तेव्हा त्यांच्याकडे जा, जमिनीवर काठीने रेघा काढून विचारा. या मुलखातल्या शंभर माळांची प्रकृती एका माणसाला तोंडपाठ असते ती तिथे. शिवाय पोरांना सांगून ठेवा, लांडग्याची बीळं आणि औषधी मुळ्यांच्या जागा नकाशावर घालायच्या नाहीत, इंटरनेटवर तर नाहीच.

कायद्याने या नकाशाला वजन किती? गायरानाच्या हद्दीचं ठरवायचं तर भूमी अभिलेखची मोजणीच लागेल, तुमचं जीपीएस तिथे चालणार नाही. वनहक्काची गोष्ट वेगळी. २००६ च्या कायद्याखाली गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावाने सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्या कायद्याच्या नियमांत ज्येष्ठांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून धरले जातात. म्हणजे "हा डोह आमचा, इथवर आम्ही मोहाला यायचो" या बोलण्याला कागदावर किंमत आहे. गायरानाला अशी सोय नाही. म्हणून ग्रामसभेचा ठराव करून नकाशा दप्तरात नोंदवून घ्या, तारीख आणि साक्षीदारांच्या सह्यांसकट. पुढच्या सरपंचाला तो सापडला पाहिजे एवढाच त्याचा हेतू.

खर्चाचं विचारलं नव्हतंत पण पुढचा प्रश्न तोच असतो. ट्रेसिंग कागद, रंग, सळया, पाइप, नकला, चहा. लग्नातल्या मांडवापेक्षा कमी. महाग पडतो तो वेळ.

यंदा सगळं करायला जाऊ नका. दसऱ्याच्या आत चार दगड रंगवा, त्यातला एक बाभळीच्या मधोमध, एक म्हाताऱ्या माणसांनी "इथे पवन्या असायचा" म्हणून दाखवलेल्या जागी, एक ओढ्याच्या काठी आणि एक नव्या नांगरटीच्या कडेला. चारही ठिकाणी चौकट टाका, फोटो घ्या, तारीख लिहा. त्या फेरीला ज्या आजोबांनी गायरान संपलं म्हटलं त्यांना बरोबर न्या. चालवत नसेल तर मोटारसायकलवर मागे बसवा.